भिंतीतला मासा

चाचा आमच्या फ्लॅटवर आले की दार उघडायला जरा उशीर करायचा, असं आम्ही तिघांनी ठरवूनच टाकलं होतं. घाईनं उघडलं तर ते नाराज व्हायचे. आधी ते चारचौघांसारखं दोनदा टकटक करत. मग वीतभर खाली करत. मग बिजागरीपाशी. मग बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही, कारण त्यांनी दाराला कान लावलेला असायचा. एकदा माझ्या एका रूममेटनं न राहवून दार ओढलं आणि चाचा तोल जाऊन थेट आमच्या चपलांच्या रॅकवर आले. उठले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, “पोकल हाय. बाहेरून साग, आतून कागद. घरमालकानं तुम्हाला फसवलान.”

बहारीनच्या झिंज भागातला, तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट तो. त्याच्या दाराशी आमचं काय देणंघेणं? पण त्या दिवसापासून ते दार उघडताना मला उगाचच कमीपणा वाटायला लागला.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी पुण्याहून सिव्हिलची पदवी घेऊन बहारीनच्या एका बांधकाम कंपनीत लागलो होतो. पदवी ताजी होती, त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर काँक्रीट, अशी माझी ठाम समजूत होती. चाचा त्याच कंपनीच्या सल्माबादच्या लाकूड यार्डाचे सुपरवायझर. रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान, साठीला टेकलेले. किरकोळ अंगकाठी, विणलेली पांढरी टोपी आणि वरच्या खिशात पेनाच्या जागी एक बारीक गिरमिट. कंपनीत पठाणापासून फिलिपिनोपर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणत. खरं नाव फक्त त्यांच्या रेसिडेन्स कार्डावर होतं.

यार्डात त्यांचं राज्य होतं. प्लायवूडला ते ‘कागद’ म्हणत आणि चिपबोर्डला ‘उपमा’. लाकडाची गाडी आली की ते आधी एका फळीचा वास घेत. मग गिरमिटानं बारीक भोक पाडून भुसा तळहातावर घेत, आणि मग सगळ्यांसमक्ष तो भुसा जिभेवर ठेवत. पसंत पडला तर मान हलवत. नाही पडला तर थुंकून ड्रायव्हरला आपल्या अरबी-हिंदी खिचडीत माल बरा नाही म्हणून सुनावत, “ये मफी जैन. वापस ले जाओ. यल्ला.” कितीही मोठं सर्टिफिकेट दाखवा, उपयोग शून्य. मॅनेजर चिडायचा, कारण माल परत गेला की काम लांबायचं. एकदा त्यानं चाचांनी परत पाठवलेलंच लाकूड त्यांना न विचारता एका साइटच्या खिडक्यांना लावून घेतलं. उन्हाळा आला आणि त्या खिडक्या अशा काही वाकल्या की कुलूप लावायला दोन माणसं लागायची. चाचा त्या साइटवर गेले की खिडकीपाशी उभं राहून मॅनेजरकडे प्रेमानं बघत.

पण चाचांचं खरं वेड लाकूड नव्हतं. त्यांचं गाव होतं.

सावित्रीच्या खाडीवरचं छोटं गाव. आता तिथे आंबे, थोडी मासळी आणि आखातातल्या पैशावर उठलेली रंगीत घरं. चाचांच्या बोलण्यात मात्र ते गाव म्हणजे कारखान्यांची पेठ होती. “बंदरावर उतरलास की डाव्या हाताला लाकडाच्या वखारी. सात. उजवीकडे चुन्याच्या भट्ट्या. त्याच्या मागं काथ्याचे दोर वलायचं काम. दोर इतके लांब की एक टोक मशिदीपाशी तर दुसरं जकात नाक्यापाशी. माणूस पाठी पाठी चालत जायचा आणि दोर वलत जायचा.” पुढे गलबतं बांधायची जागा, तिथे मुशी माशाच्या तेलाचा वास, कौलांची भट्टी, तांदळाची गिरणी. आणि खाडीत बसऱ्याला, मस्कतला, बहारीनला निघालेली गलबतं. जाताना साग, काथ्या, कौलं, येताना खजूर.

सगळं वर्तमानकाळात सांगायचे. जणू काल संध्याकाळीच तिथून चक्कर मारून आलेत.

मी पडलो इंजिनियर. शिवाय पुणेरी. समोरचा माणूस काही सांगतोय म्हणजे तो चुकत असणारच, ही माझी जन्मजात खात्री. मी एक ट्रेसिंग पेपर काढला आणि चाचांना विचारून विचारून त्यांच्या गावाचा नकाशा काढायला लागलो. वखारीपासून भट्टी किती पावलं? गिरणीचं तोंड कुठल्या दिशेला? हे सगळं मी लिहून ठेवलं आणि चार महिन्यांनी, यार्डात चहा पिता पिता, तेच प्रश्न उलटसुलट करून परत विचारले. कुठेतरी सापडतीलच अशी आशा होती. एकाही पावलाचा फरक निघाला नाही. उलट त्यांनीच मला सुधारलं. “त्या कोपऱ्यावर तू विहीर इसरलास. ओंडके ओढणारी मानसं तिथं पानी प्यायची.”

मग मी विचारलं, “चाचा, हे सगळं बंद कधी पडलं?”

ते हसले. “माझ्या जन्माच्या आधी.”

मग त्यांनी सांगितलं. नदी गाळानं भरली, मग मोटारीचा रस्ता दुसऱ्याच गावावरून गेला, व्यापारी मुंबईला गेले. चाचा चालायला लागले तेव्हा वखारींच्या जागी नुसती जोती होती आणि त्यांवर शेळ्या चरत होत्या. त्यांनी त्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी हात धरून त्यांना त्या जोत्यांमधून फिरवलं होतं आणि इथे काय, तिथे काय, हे पावलं मोजून पाठ करून घेतलं होतं. माणूस नमाज शिकवतो तसं. त्या दिवशी मी नकाशा गुंडाळून ठेवला आणि चाचांना तपासायचं सोडून दिलं.

आजोबांचं कामही विचित्र होतं. घाटाखालच्या रानात साग तोडला की पावसानंतर नदीला पाणी असेतो ओंडके तराफे बांधून खाली सोडत. पाच-सहा व्यापाऱ्यांचा माल एकाच पाण्यातून यायचा. मग खाली कुठला ओंडका कोणाचा हे कळणार कसं? म्हणून तोडतानाच ओंडक्याच्या तोंडावर लोखंडी ठशाचा घण मारायचा. चाचांचे आजोबा एका वखारीचा घण मारत. त्यांची छाप म्हणजे गोलात मासा. खाली आलेला ओंडका वर्षभर खाडीच्या खाऱ्या चिखलात बुडवून ठेवायचे, म्हणजे वाळवी लागत नाही. मग गलबतात चढवायचे.

आता इकडची गंमत अशी, की बहारीनमध्ये लाकूड उगवत नाही. जुन्या काळी मोत्यांच्या व्यापाऱ्यांनी घरं बांधली तेव्हा साग इतका मोलाचा, की सुतार तुळईची एक वीतसुद्धा कापत नसत. लांबी जास्त झाली तर उरलेलं टोक भिंतीत घुसवत. म्हणजे छाप असलीच तर ती भिंतीच्या आत. घर पडल्याशिवाय ती दिसणार नाही.

आणि त्या वर्षांत मनामा आणि मुहर्रकमधली जुनी घरं भराभर पडत होती.

दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की चाचा जेवायचे नाहीत. कुठे घर पाडतायत हे हेरून ठेवलेलं असायचं. तिथे जायचे आणि ढिगाऱ्यात शिरून तुळयांची तोंडं पुसत बसायचे. वीस वर्षं हे चाललं होतं. एकदा अर्धवट पडलेल्या छपराखाली टॉर्च घेऊन उताणे पडलेले असताना त्यांना पोलिसानं बाहेर ओढलं. “काय चोरतोयस?” असं त्यानं अरबीत विचारल्यावर चाचांनी त्याला खाली बसवून मातीत मासा काढून दाखवला. पोलिसानं चहा पाजून सोडून दिलं. वर पुढच्या आठवड्यात कुठलं घर पडणार आहे, तेही सांगितलं.

एकदा मात्र छाप सापडली. मी बरोबर होतो. तुळईच्या तोंडावरची माती त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली आणि लाकडात खोल उठलेला एक आकार दिसायला लागला. चाचांनी नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. दोन कोयते, एकावर एक. वाशिष्ठीच्या खाडीवरच्या गावाची छाप. त्यांच्या आजोबांच्या वखारीचे जुने दुष्मन. “त्यांचा माल इथपर्यंत आला? त्यांचा?” चाचा आठ दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मी समजूत घालायला गेलो, “अहो, कोकणचंच आहे की.” तर म्हणाले, “तुला पुन्याच्या मानसाला काय कलणार!”

आमच्या मराठी मंडळात एकदा एक पाहुणे आले होते, कोकणातल्या जुन्या बंदरांवर बोलायला. विद्वान माणूस. मी मुद्दाम चाचांना घेऊन गेलो. पाहुण्यांनी एकेक बंदर घेतलं, तिथला व्यापार सांगितला. चाचा सतरंजीवर ताठ बसून वाट बघत होते. यादी संपली. त्यांचं गाव आलंच नाही. प्रश्न विचारायची वेळ झाली तेव्हा चाचा उभे राहिले आणि त्यांनी गावाचं नाव घेतलं. पाहुणे नम्रपणे म्हणाले, “तिथे मासेमारीपलीकडे काही असल्याचा उल्लेख मला तरी आढळला नाही. आपल्याकडे काही पुरावा आहे का?”

“हाय,” चाचा म्हणाले. “पण भिंतीत हाय.”

सभागृह हसलं. मीही हसलो, हे सांगितलं पाहिजे. हसून झाल्यावर चाचांकडे पाहिलं तर ते खाली बसून सतरंजीच्या दशा सारख्या करत होते. परत येताना गाडीत मी माफी मागितली. ते म्हणाले, “बाला, आजोबा खोटं बोलले नायत. एवढं एकदा दिसलं की झालं. तेवढा तुकडा कापून घेईन आणि गावच्या जेट्टीवर ठेवीन. मग कोणी हसो.”

पुढच्या हिवाळ्यात चाचांना साठ वर्षं पूर्ण झाली. कंपनीनं व्हिसा वाढवायला नकार दिला. पंधरा दिवसांत कायमचं गावी जायचं होतं. आणि नेमक्या त्याच पंधरा दिवसांत मुहर्रकच्या एका घराचं काम आमच्याकडे आलं.

घर एका वृद्ध बहारीनी गृहस्थांचं. आम्ही त्यांना हाजी म्हणत असू. पणजोबा मोत्यांचे व्यापारी. त्यांच्या बैठकीची खोली इतर जुन्या घरांपेक्षा रुंद होती, कारण मधून एक प्रचंड सागाची तुळई गेली होती आणि आफ्रिकेहून आलेले वासे तिच्यावर टेकले होते. वासे सडले होते, छताला भेग गेली होती. मॅनेजरचं म्हणणं, सगळं काढा, तुळईसकट, आणि वर स्लॅब टाका. स्लॅबचं ड्रॉइंग मीच केलं होतं. हाजींना ते पटलं होतं, पण एका अटीवर. “तुळईबद्दल तुमचा लाकूडवाला जे सांगेल ते करीन,” ते म्हणाले. चाचांची कीर्ती पोलिसामार्फत की कशी, तिथपर्यंत पोचली होती.

चाचा शिडीवर चढले. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, वीत-वीत सरकत, टकटक करत गेले. प्रत्येक ठिकाणी कान लावला. मी खाली शिडी धरून उभा होतो. अर्धा तास खोलीत दुसरा आवाज नव्हता. मग त्यांनी खिशातलं गिरमिट काढलं, बारीकसं भोक पाडलं आणि भुसा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. उघडले तेव्हा ते भरलेले होते.

“खारट हाय,” ते हळू म्हणाले.

“चाचा, इथे भिंतीही खारट आहेत.”

“ती इकडची खार. ही आपली हाय.” त्यांनी तुळईवर हात ठेवला. “आपल्या खाडीची हाय, बाला.”

आता चाचांनी एवढंच करायचं होतं, की लाकूड गेलंय म्हणायचं. मॅनेजर खूश, माझा स्लॅब पक्का, हाजींची तक्रार नाही. उद्या तुळई खाली येईल, दोन्ही तोंडं उघडी पडतील. मी मराठीत, म्हणजे हाजींना कळू नये म्हणून, म्हणालो, “चाचा, नुसतं ‘गेलंय’ म्हणा. वीस वर्षं झाली. परवा तुमचं विमान आहे.”

ते शिडीवरून उतरले. हात फडक्याला पुसले. हाजींसमोर उभे राहून अरबीत बोलले. मला अरबी बेताचंच येत होतं, पण एवढं समजलं. वासे बदला. तुळईला हात लावू नका. ही तुमच्या नातवंडांनाही पुरेल.

हाजींनी मान डोलावली. “खलास,” ते म्हणाले. विषय संपला होता.

मला मात्र राहवलं नाही. मोडक्यातोडक्या अरबीत, अधेमधे इंग्रजी घुसडत, मी हाजींना सगळं सांगून टाकलं. आजोबा, घण, मासा, वीस वर्षांचे शुक्रवार. चाचा माझी बाही ओढत होते. हाजी ऐकत राहिले. मग उठले, गवंड्याला हाक मारली आणि तुळई भिंतीत शिरते त्या जागेकडे बोट दाखवलं. तुळई काढायचीच कशाला? एवढा हातभर गिलावा फोडा, या माणसाला बघू दे, आणि परत लिंपून टाका. माझं घर, माझी भिंत, माझी परवानगी.

गवंडी छिन्नी घेऊन शिडीवर चढला. मी आनंदानं चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळं जुळून आलं होतं. कोणाचंही नुकसान नाही.

गवंड्यानं छिन्नी टेकवली आणि चाचा म्हणाले, “रुको.”

ते त्या कोपऱ्याकडे बघत होते. मी इतक्या वर्षांत त्यांना एखाद्या गोष्टीकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. उपाशी माणूस वाढलेल्या ताटाकडे बघतो तसं. मग त्यांनी गवंड्याला हातानं खाली यायची खूण केली आणि हाजींना शांतपणे समजावलं. जुन्या लोकांनी तुळईचं तोंड कोरड्या चुन्यात बंद केलेलं आहे. शंभर वर्षं तिथे समुद्राची हवा पोचलेली नाही. तसा चुना आता कोणी करत नाही; आज फोडलं आणि आजच्या सिमेंटनं लिंपलं, तर ते सिमेंट ओल धरून ठेवणार. लाकूड नेहमी तोंडाकडून सडतं. दहा-पंधरा वर्षांत टोक कुजेल आणि तुळई बसेल.

“दहा-पंधरा वर्षांनंतर ना!” मी ओरडलोच. “तोवर नवीन काहीतरी करतील. चाचा, एकदा बघून घ्या हो. एकदा!”

“बाला,” ते म्हणाले, “बघायला म्हणून मारायचं काय तिला?”

हाजींनी चाचांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. एवढ्यात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची बांग झाली. दोघा म्हाताऱ्यांनी तिथेच, तुळईखाली, शेजारी शेजारी उभं राहून नमाज पढली. मी दारात उभा होतो. मी पूजाअर्चा करणारा माणूस नाही. पण त्या वेळी माझे हात आपोआप जोडले गेले, आणि ते नक्की कोणाला, हे मला आजही सांगता येणार नाही.

परतताना पुलावर गाडी गर्दीत अडकली. मला चाचांचा राग येत होता, आणि त्या रागाखाली दुसरं काहीतरी होतं जे मला पेलत नव्हतं. शेवटी मी विचारलं, “आता गावाला जाऊन काय सांगणार?”

त्यांनी खिशातलं गिरमिट काढून फडक्यानं पुसलं.

“सांगेन,” ते म्हणाले, “आपल्या गावचं काम अजून बंद पडलेलं नाय. शंभर वर्षं झाली, एका मानसाच्या डोक्यावरचं छप्पर धरून उभं हाय.”

आणि ते हसले, तोंडभर. मला त्यांच्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर समुद्राकडे बघत राहिलो.